सातबाऱ्यावर नाव आलं, पण ताबा?
मॉरिशसमधल्या मराठी मंडळींना खुले पत्र

बहिणींनो आणि भावांनो,

सप्रेम नमस्कार.

मी साताऱ्याची. आमचं मूळ गाव धरणाच्या पाण्यात आहे. साठ वर्षांपूर्वी ते उठलं, माणसं तीन जिल्ह्यांत विखुरली आणि त्यांचे कागद अजून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरताहेत. गेली बावीस वर्षं मी धरणग्रस्तांचे अर्ज लिहून देते. संकलन यादीत नाव नाही, पर्यायी जमीन मिळाली पण ती दुसऱ्याच्या वहिवाटीत, सातबारा झाला पण ताबा नाही, असलेच अर्ज. त्यामुळे जगात कुठंही कुणाला गावातून उठवल्याची बातमी आली की मी ती सोडत नाही. ब्रिटनने माणसं उठवून रिकाम्या केलेल्या चागोस बेटांची हकीकत मी अशीच वाचायला घेतली आणि वाचता वाचता तुमच्या देशापाशी येऊन पोहोचले.

तुमच्या राजधानीतल्या, पोर्ट लुईच्या सरकारला मी कुणाकडून तरी इंग्रजीत पत्र लिहून घेतलं असतं. ते एखाद्या टपालनोंदीत जाऊन पडलं असतं. तुम्ही मात्र त्या देशाचे मतदार आहात. तुमच्याकडे गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सुट्टी असते, तुमची मुलं शाळेत मराठी शिकतात, आमच्या कोकणातली जाखडी तुमच्याकडे झाकरी म्हणून अजून नाचली जाते. आणि तुमच्या पूर्वजांना आपल्या गावातून उठून समुद्रापार जाणं म्हणजे काय ते ठाऊक होतं. म्हणून हे पत्र तुम्हाला.

आधी तुमच्या देशाबद्दल मला वाटतो तो आदर सांगते, कारण पुढं मी जे मागणार आहे ते त्या आदरापोटीच मागणार आहे.

आमच्या एकट्या सातारा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३० लाख होती. तुमचा देश जेमतेम साडेबारा लाखांचा. एवढ्याशा देशाने ब्रिटनला जगापुढे उभं केलं. २२ जून २०१७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मॉरिशसच्या पुढाकाराने ठराव आला की चागोसच्या प्रश्नावर आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं मत मागवावं. बाजूने ९४, विरोधात १५. पुढच्या वर्षी, ३ सप्टेंबर २०१८ ला, हेगमध्ये सुनावणी सुरू झाली आणि त्या पहिल्याच दिवशी मॉरिशसच्या बाजूने एका बाईचं म्हणणं न्यायाधीशांना पडद्यावर दाखवलं गेलं. त्यांचं नाव लिस्बी एलिझे. जन्म चागोसमधल्या पेरोस बान्योस बेटावरचा. लिहिता-वाचता येत नाही, म्हणून त्यांचं निवेदन आधी चित्रित करून घेतलं होतं. त्या बोलल्या त्यांच्या क्रिओल भाषेत.

ते चित्रण मी पुन्हा पुन्हा पाहिलं. मला क्रिओल येत नाही, खाली लिहून येणारं इंग्रजी अडखळत वाचलं. बाई सांगत होत्या की बेटावर प्रत्येकाला काम होतं, घर होतं, कशाची ददात नव्हती. मग एक दिवस सांगण्यात आलं की निघायचं. ते साल १९७३. बोटीवर रात्रीच्या अंधारात चढवलं, आपलं बेट डोळ्यांनी शेवटचं बघताही येऊ नये म्हणून. जनावरं कोंबावीत तशी माणसं बोटीच्या पोटात. त्या चार महिन्यांच्या गरोदर होत्या. मॉरिशसला पोहोचल्यावर त्यांचं मूल जन्मलं आणि गेलं.

मी अर्ज लिहिते तेव्हा समोरची बाई असंच सांगते. तारीख चुकते, पण कोण बाळंत होतं, कोण आजारी होतं, कुणाचं काय मागं राहिलं हे कधी चुकत नाही. हेगच्या त्या मोठ्या दालनात एवढे नामांकित वकील असताना तुमच्या देशाने या बाईचा आवाज पुढं आणला, हे मला फार मोठं वाटलं. २५ फेब्रुवारी २०१९ ला न्यायालयाने आपलं मत दिलं. १९६५ मध्ये चागोस मॉरिशसपासून तोडलं ते बेकायदेशीर होतं आणि ब्रिटनने तिथला कारभार शक्य तितक्या लवकर संपवावा. १३ न्यायाधीश एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. मग २२ मे २०१९ ला आमसभेत ११६ देशांनी मॉरिशसच्या बाजूने हात वर केला, विरोधात फक्त ६. त्या ११६ मध्ये भारत होता, याचं मला समाधान आहे.

माझ्या इथल्या वाचकांपैकी पुष्कळांना ही हकीकत ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात मागचं सांगते. तुम्हाला ती माहीत आहेच, तरी माझ्या बाजूने पाहून घ्या.

चागोस म्हणजे हिंदी महासागराच्या मधोमध पसरलेली पन्नासेक छोटी बेटं. मॉरिशसपासून दोन हजार किलोमीटरहून जास्त लांब. मादागास्कर आणि आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले, नंतर काही हिंदुस्थानातून मजूर म्हणून गेलेले, असे लोक तिथं पिढ्यान् पिढ्या नारळाच्या बागांत राबत होते. नारळ फोडायचे, खोबरं वाळवायचं, तेल काढायचं. १९६५ च्या सप्टेंबरात लंडनमध्ये मॉरिशसच्या स्वातंत्र्याची बोलणी चालली होती. त्या वेळी ब्रिटिश पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांच्या हातात त्यांच्या सचिवाने दिलेलं एक टिपण होतं. त्याचा मतलब असा की मॉरिशसचे नेते शिवसागर रामगुलाम यांना आशेने घाबरवायचं. स्वातंत्र्य मिळेल ही आशा, आणि चागोस सोडलं नाही तर मिळणार नाही ही भीती. ८ नोव्हेंबर १९६५ ला चागोस तोडलं गेलं, मोबदला तीस लाख पौंड. दिएगो गार्सिया या सर्वांत मोठ्या बेटावर अमेरिकेला लष्करी तळ हवा होता आणि त्यांना तिथं माणूस नको होता.

१९६८ ते १९७३ या काळात दीड-दोन हजार माणसं हलवली. १९६६ च्या एका सरकारी पत्रात ब्रिटिश अधिकाऱ्याने या लोकांना पक्ष्यांबरोबर तिथं असलेले ‘काही थोडे टारझन किंवा मॅन फ्रायडे’ म्हटलं होतं. जगाला असं भासवायचं होतं की हे कायमचे रहिवासी नाहीतच, कंत्राटावर आलेले मजूर आहेत. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला, कारण आमच्याकडेही बुडीत क्षेत्रातल्या कित्येक घरांना ‘बिगरखातेदार’ हा एक शब्द लावून यादीबाहेर ठेवलं गेलं. जमीन नावावर नाही म्हणजे जणू माणूस तिथं राहिलाच नाही.

आणि कुत्री. १९७१ मध्ये दिएगो गार्सियावरची पाळीव कुत्री आधी गोळ्या घालून, मग विष घालून मारायचा प्रयत्न झाला. शेवटी खोबरं वाळवायच्या भट्टीघरात मांसाच्या आमिषाने त्यांना कोंडलं आणि लष्करी गाड्यांचा धूर आत सोडला. पोरं बघत होती. याउपर कुणाला काही सांगायला लागलं नाही.

चागोसी लोकांच्या बोलीत एक शब्द आहे, ‘साग्रेन’. घर तुटल्याच्या दुःखाने माणूस खंगत जातो आणि मरतो, ते साग्रेन. मॉरिशसच्या झोपडपट्ट्यांत आणून सोडल्यावर कितीतरी जण साग्रेनने गेले असं ती मंडळी सांगतात. इंग्रजी लिहिणाऱ्यांना हा शब्द समजावून सांगायला दोन-दोन ओळी लागल्या. आपल्याला लागत नाहीत. आपल्याकडे झुरणं आहे. माझ्या आजीचे सासरे गाव उठल्यावर दोन वर्षांत गेले. डॉक्टरने काय लिहिलं कोण जाणे, आजी म्हणायची, ‘झुरला म्हातारा.’

यापुढचं लिहिणं मला अवघड आहे, पण त्याच्यासाठीच हे पत्र आहे.

या लोकांना उठवलं ब्रिटनने. मात्र ती माणसं उतरली तुमच्या बंदरात, आणि तिथं त्यांचं काय झालं याचा हिशेब तुमच्या देशाच्या खात्यावर आहे. १९७२ मध्ये ब्रिटनने पुनर्वसनासाठी मॉरिशस सरकारला साडेसहा लाख पौंड दिले. ते लोकांच्या हाती पडायला १९७८ उजाडलं. तोवर महागाईने त्यातलं बरंचसं खाऊन टाकलं होतं आणि माणसं कर्जात बुडालेली होती. मग बायका रस्त्यावर आल्या. लिझेट तालात, शार्लेसिया अलेक्सी, रिता बांकूल यांच्यासारख्या कष्टकरी बायकांनी उपोषणं केली, मोर्चे काढले, अटका सोसल्या. १९८२ मध्ये ब्रिटनने चाळीस लाख पौंड आणखी दिले. पैसे घेताना लोकांकडून एका कागदावर अंगठे घेतले गेले. कागद त्यांच्या भाषेत नव्हता. परतीचा हक्क आपण सोडतो आहोत, असा त्या मजकुराचा अर्थ होता आणि तो आपल्याला कुणी सांगितलाच नाही, असं त्यातल्या कितीतरी जणांनी पुढं सांगितलं.

तुमचे पूर्वजही वाचता न येणाऱ्या करारावर बोटीत चढले होते. ते जिथं उतरले त्या पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या तुम्ही जपल्यात, २००६ मध्ये जागतिक वारसा म्हणून त्यांची नोंद झाली. त्याच बंदरात १९७३ मध्ये चागोसहून आलेल्या शेवटच्या काही लोकांनी बोटीतून उतरायलाच नकार दिला होता. आम्हाला घर दाखवा, मग उतरतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यासाठी त्या बंदरात पायऱ्या नव्हत्या.

रिताबाईंची गोष्ट तर मला विसरता येत नाही. त्यांना कुणी बोटीत चढवलं नव्हतं. १९६८ मध्ये लेकीच्या पायावरून गाडा गेला, म्हणून उपचारासाठी त्या पोरांना घेऊन मॉरिशसला आल्या. लेक वाचली नाही. परतीच्या बोटीची चौकशी करायला गेल्या तेव्हा कळलं की तुमचं बेट विकलं गेलं, आता जाता येणार नाही. त्या वेळी त्यांच्याबरोबर आलेला चार वर्षांचा मुलगा म्हणजे ऑलिव्हिए बांकूल. त्यांनीच पुढं लंडनच्या उच्च न्यायालयात ब्रिटिश सरकारला खेचलं आणि ३ नोव्हेंबर २००० ला जिंकले. २००४ मध्ये राणीच्या आदेशाने तो विजय काढून घेण्यात आला. २००८ मध्ये लॉर्डांच्या सभागृहातल्या न्यायाधीशांनी तीन विरुद्ध दोन मतांनी तो आदेश उचलून धरला. रिताबाई २०१६ मध्ये गेल्या. त्या बेटावर पुन्हा राहायला गेल्याच नाहीत.

आता २२ मे २०२५ च्या करारावर येते. मॉरिशस आणि ब्रिटन यांनी त्यावर सह्या केल्या. १९६५ मध्ये लंडनच्या बैठकीला बसलेल्या शिवसागर रामगुलाम यांचे चिरंजीव नवीन रामगुलाम तुमच्याकडून पंतप्रधान. साठ वर्षांनी का होईना, चागोसवरचं मॉरिशसचं सार्वभौमत्व ब्रिटनने कागदावर मान्य केलं. याबद्दल तुमचं मनापासून अभिनंदन.

मी तो करार धरणग्रस्ताच्या नजरेने वाचला. आमच्यात कुठलाही कागद आला की आधी तीन गोष्टी बघतात. जमीन कुणाच्या नावावर, ताबा कुणाकडे आणि मोबदला कुणाच्या हातात.

नाव मॉरिशसचं. दिएगो गार्सियाचा ताबा ९९ वर्षांसाठी ब्रिटनकडे, पुढं ४० वर्षं वाढवायची सोय. भाडं वर्षाला सरासरी दहा कोटी पौंडांच्या आसपास, मॉरिशस सरकारला. चागोसी लोकांसाठी मॉरिशसने चालवायचा चार कोटी पौंडांचा एक विश्वस्त निधी. आणि परतीबद्दल काय? दिएगो गार्सिया सोडून बाकीच्या बेटांवर पुनर्वसनाचा कार्यक्रम राबवायला मॉरिशस मोकळा आहे.

‘मोकळा आहे’ या दोन शब्दांवर मी पेन्सिलने खूण केली आहे. बावीस वर्षांत मी शिकले ते एवढंच. ‘शासन पुनर्वसन करू शकेल’ आणि ‘शासन पुनर्वसन करील’ या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत आमच्या तीन पिढ्या गेल्या. मोकळं असणं म्हणजे बांधील असणं नाही. वर्ष दिलेलं नाही, किती कुटुंबं ते नाही, पाणी-दवाखाना-शाळा-बोट कोण देणार ते नाही. ज्यांचा जन्मच दिएगो गार्सियावरचा, त्यांच्यासाठी तर ९९ वर्षं म्हणजे कायमचं नाही. तिथल्या चर्चच्या अंगणात ज्यांचे आईबाप पुरले आहेत ती माणसं आज सत्तरी-ऐंशीची आहेत.

आणि ही बोलणी झाली दोन सरकारांमध्ये. ज्यांचं घर त्यांना टेबलापाशी खुर्ची नव्हती. सहीच्या दिवशी भल्या पहाटे दिएगो गार्सियावर जन्मलेल्या दोन बायकांनी लंडनच्या न्यायालयातून सहीला तात्पुरती स्थगिती मिळवली होती. काही तासांत ती उठली आणि सही झाली. जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क तज्ज्ञांनी कराराची मंजुरी थांबवा, पुन्हा बोलणी करा, असं जाहीर सांगितलं. चागोसी लोकांत एकमत नाही, हेही मी जाणते. बांकूल आणि त्यांच्या संघटनेने कराराचं स्वागत केलं आहे. आयुष्यभर लढलेल्या माणसाला या घडीला जे पदरात पडतंय ते पडू दे असं वाटलं, तर त्यांना चूक म्हणायची माझी पात्रता नाही. ब्रिटनमध्ये राहणारे पुष्कळ जण विरोधात आहेत. आमच्याकडेही असंच होतं. एक भाऊ म्हणतो मिळेल ते घे, दुसरा म्हणतो गाव तर गाव. दोघंही एकाच घरातून उठलेले असतात. म्हणून तर त्यांना आधी विचारायचं असतं. करार संसदेच्या कुठल्याही दारातून कसाही पुढं जावो, पुनर्वसनाचा निर्णय शेवटी तुमच्या देशाकडे येणार आहे आणि तो तुमच्या मतांवर ठरणार आहे.

न्यायालयाने २०१९ मध्ये मॉरिशसच्या बाजूने मत देताना आणखी एक सांगितलं होतं. चागोसी वंशाच्या लोकांचं पुनर्वसन हा त्या माणसांच्या मानवी हक्कांचा प्रश्न आहे आणि आमसभेने त्यात लक्ष घालावं. म्हणजे देशाचा भूभाग परत मिळाला की हा प्रश्न आपोआप मिटतो असं न्यायालयानेही म्हटलेलं नाही. लिस्बीबाईंचा आवाज तुमच्या देशाने न्यायासनापुढे नेला तो यासाठीच ना?

तुमचा देश हे करू शकतो यावर माझा विश्वास आहे, आणि तो नुसता भाबडा नाही. १९७७ मध्ये मॉरिशसने कायदा केला की मॉरिशियन पुरुषाची परदेशी बायको देशात राहू शकेल, पण मॉरिशियन बाईच्या परदेशी नवऱ्याला तो हक्क नसेल. त्याविरुद्ध २० बायका थेट संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे गेल्या. मॉरिशसने तो दरवाजा आपल्या नागरिकांना आपणहून उघडून दिला होता, जगातले कितीतरी देश त्या वेळी तो बंद ठेवून बसले होते. समितीने ९ एप्रिल १९८१ ला सांगितलं की हा भेदभाव आहे. मॉरिशसने १९८३ मध्ये कायदा दुरुस्त केला आणि तसं समितीला कळवलं. अशा निर्णयाची कुठल्याही देशावर पोलीस पाठवून अंमलबजावणी होत नाही. तुमच्या देशाने नुसतं ऐकलं आणि बदललं. ज्या बायकांनी आपल्याच सरकारला जगापुढे उभं केलं त्यांनी देशाचं नाव खाली आणलं नाही, उलट आज तो खटला जगभरच्या कायद्याच्या पुस्तकांत मॉरिशसच्या नावाने शिकवला जातो.

१९९९ च्या एप्रिलमध्ये आफ्रिकेतल्या देशांच्या मंत्र्यांची मानवी हक्कांवरची पहिली परिषद भरली तीही तुमच्याकडे, ग्रां बेमध्ये. तुमचे न्यायमूर्ती राजसूमेर लल्ला यांनी त्या मानवी हक्क समितीवर कित्येक वर्षं काम केलं. ४ ऑक्टोबर २०२३ ला तुमच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं जुनं वसाहतकालीन कलम मोडीत काढलं. हा सगळा वारसा असलेल्या देशाला, आपल्याच बंदरात उतरलेल्या दीड-दोन हजार माणसांच्या लेकरांना पुढच्या खुर्चीवर बसवणं जड जाऊ नये.

आता माझं मागणं.

महाराष्ट्रातल्या धरणग्रस्तांच्या चळवळीने एक घोषणा दिली, ‘आधी पुनर्वसन, मग धरण.’ ती सरकारदरबारी मान्य व्हायला किती जणांनी किती वर्षं खर्ची घातली, ते लिहायला बसले तर हे पत्र संपणार नाही. तुमच्या मराठी संघांनी, मंडळांनी हीच घोषणा तुमच्या भाषेत तुमच्या सरकारपुढे न्यावी. भाड्याचा पैसा देशाच्या तिजोरीत येईल त्या आधी परतीचा कार्यक्रम जाहीर व्हावा. त्यात वर्ष असावं. पेरोस बान्योसवर आणि सॅलोमन बेटांवर पहिली घरं कधी, बोट महिन्यातून किती वेळा, गोड्या पाण्याचं काय, हे लिहिलेलं असावं.

आणि यादी त्यांना स्वतःला करू द्या. ही गोष्ट मी सगळ्यात कळकळीने सांगते. कोण कुठल्या बेटावरचं, कुणाचा बाप कुठल्या बागेत कामाला होता, कुठली विहीर कुणाच्या दारात होती, हे सरकारी कारकुनाला कधीच कळत नाही. आमच्या गावाची यादी तालुक्याला बसून झाली आणि तिच्यात माझ्या आजीच्या धाकट्या जावेचं नाव राहून गेलं. ते घालून घ्यायला एकोणीस वर्षं लागली. नाव आलं तेव्हा ती बाई हयात नव्हती, तिच्या मुलाने पेढे वाटले आणि वाटता वाटता रडला. चागोसमध्ये जन्मलेल्या म्हाताऱ्या माणसांची पिढी आता हाताच्या बोटांवर मोजायच्या वाटेला लागली आहे. त्यांना आज बसवून विचारलं तर यादी होईल. दहा वर्षांनी होणार नाही.

दिएगो गार्सियाबाबत मी भाबडेपणाने काही मागत नाही. तिथं तळ राहणार हे दिसतंच आहे. पण तिथल्या कबरींपाशी दरवर्षी जाता यावं, कुणाच्या मेहेरबानीने नाही, हक्काने, एवढं तरी तुमच्या सरकारने मिळवावं. तळावर नोकऱ्या असतात, त्यात चागोसी लेकरांचा हक्क पहिला धरावा. ब्रिटनमध्ये, सेशेल्समध्ये पांगलेल्यांनाही या सगळ्यात धरावं, ते तुमच्या सरकारवर टीका करतात म्हणून त्यांना यादीबाहेर ठेवू नये. २००६ मध्ये साधारण शंभर चागोसी लोकांना बोटीने बेटांवर नेलं होतं. थोड्याच दिवसांची भेट. त्यांनी तिथं गेल्या गेल्या काय केलं, तर कबरींवर वाढलेली झाडोरा-वेल काढली, दगड धुतले, फुलं वाहिली.

हे वाचलं तेव्हा मला माझी आजी दिसली. मे महिन्यात धरणाचं पाणी ओसरतं आणि आमच्या गावाची जोती वर येतात. वर्षभर पाण्यात राहून दगड काळे पडलेले असतात, त्यांच्यावर वाळलेल्या गाळाच्या खपल्या धरतात. आजी चालती होती तोवर दर मे महिन्यात गेली. होडीतून उतरून गाळातून चालत आपल्या जोत्यापाशी जायची, पदराने उंबऱ्याचा दगड पुसायची आणि त्यावर नारळ फोडायची. अर्धी कवड तिथं ठेवायची, अर्धी आम्हाला. जूनमध्ये पाणी पुन्हा चढायचं.

२०२२ च्या फेब्रुवारीत तुमच्या सरकारने पाठवलेल्या बोटीतून लिस्बीबाई पेरोस बान्योसवर पुन्हा उतरल्या. ब्रिटिशांची परवानगी न मागता. त्या सफरीत तिथं मॉरिशसचा झेंडा रोवला गेला. ज्या बेटावरून रात्री अंधारात नेलं तिथं बाई दिवसाढवळ्या आल्या. आणि थोड्या वेळाने त्यांना पुन्हा बोटीत चढावं लागलं, कारण तिथं राहायला घर नाही.

यंदाच्या गणेशोत्सवात तुमच्या गावच्या विसर्जनाला, समुद्राकाठी, चागोसहून आलेल्या एखाद्या आजीबाईंना बोलवा. पोर्ट लुईच्या कासीमध्ये, रोश ब्वामध्ये, पोइंत ओ साब्लमध्ये त्यांची घरं आहेत, तुमच्यापासून तासाभराच्या वाटेवर. मान देऊन पुढं बसवा, ओटी भरा आणि त्यांचं घर कुठल्या बेटावर होतं ते विचारा. त्या सांगतील ते तुमच्यातल्या एखाद्या शिकलेल्या मुलीने लिहून घ्यावं. बेटाचं नाव, बागेचं नाव, विहीर कुठं, कबर कुठं. तो कागद तुमच्या भागातल्या आमदाराच्या हातात द्यावा आणि त्याची पोच घ्यायला विसरू नये.

पोच मिळाली की मला कळवा. पुढचा अर्ज कसा लिहायचा ते मी सांगेन.

तुमची,
एका धरणग्रस्त बाईची नात
सातारा